कागदावर नसलेले नाव



मागच्या महिन्यात आमचे दवनीवाड्याला जाणे झाले. गोंदिया जिल्ह्यातले हे गाव. आजूबाजूला धानाची शेती, थोड्या अंतरावर वैनगंगा आणि नदीपलीकडे मध्य प्रदेशचा बालाघाट जिल्हा. आमची भाची तिथे दिली आहे. तिचे पती राईस मिलमध्ये हमाली करतात. यंदा त्यांचे घरकुल मंजूर झाले. जोते भरायचे होते, विटा आल्या होत्या, सिमेंटची पोती खाटेखाली रचली होती. अडले होते ते रेतीवाचून.

घरकुलाच्या लाभार्थ्याला शासनाकडून पाच ब्रास रेती मोफत मिळते. कागदावर तिलाही मिळाली होती, अंगणात मात्र आली नव्हती. जोत्यापर्यंत काम झाल्याशिवाय पुढचा हप्ता निघत नाही आणि पावसाळा तोंडावर. भाचीने चहा पुढे ठेवत विचारले, "मामू, एक माणूस रात्री तीनला रेती टाकून देतो म्हणतो. बाजारापेक्षा स्वस्त. फक्त पावती मागायची नाही. घर तर बांधायचंच आहे. घेतली तर चालेल का? हलाल आहे का ती रेती?"

आम्ही उत्तर देण्याआधीच शेजारच्या खाला आत आल्या. हातात घडी पडलेला कागद. त्यांचा एकोणीस वर्षांचा मुलगा रोजंदारीवर ट्रॅक्टर चालवतो. रेतीचा ट्रॅक्टर पकडला गेला आणि गुन्हा त्याच्यावर नोंदला गेला. खाला म्हणाल्या, "भाईजान, तुम्ही लिहिता-वाचता. एवढा कागद बघा. माझ्या पोराचं नाव आहे, त्याच्या बापाचं आहे, वय आहे, पत्ता आहे. ज्यानं त्याला रात्री झोपेतून उठवून पाठवलं, त्याचं नाव यात कुठं आहे?"

आम्ही कागद दोनदा वाचला. ते नाव नव्हते. ट्रॅक्टर ज्याच्या नावावर होता, तोही दुसऱ्याच्या वावरात राबणारा एक मजूरच निघाला.

हे कोणा एका गावाचे किंवा एका कार्यालयाचे गाऱ्हाणे म्हणून आम्ही सांगत नाही. राज्यातल्या कोणत्याही मोठ्या नदीच्या काठी जा, असा कागद दाखवणारी एखादी आई भेटेल. पण खालांचा प्रश्न आमच्या मनातून गेला नाही. टोळी आणि प्रतिष्ठित माणसे यांचे साटेलोटे मोडण्यासाठी सरकारांनी आजवर काय केले, याचा विचार करताना आम्ही वारंवार त्याच प्रश्नापाशी येतो. पाठवणाऱ्याचे नाव कागदावर का येत नाही?

आधी टोळी म्हणजे काय ते समजून घेऊ. दरोडेखोर सरकारपासून पळतो. माफिया सरकारच्या शेजारी खुर्ची टाकून बसतो. रेतीच्या धंद्यात नदीत खोदणारे मजूर असतात, ट्रॅक्टर-टिप्पर चालवणारे असतात, अधिकाऱ्याची गाडी निघाली की मोबाइलवर 'लोकेशन' देणारी पोरे चौकात बसलेली असतात. ही सगळी रोजाने मिळणारी माणसे. एक पकडला तर दुसरा येतो. धंदा टिकतो तो दोन गोष्टींवर. एक, पकडलेले वाहन सोडवणारा फोन. दुसरी, न पाहिल्यासारखे करणारी सही. फोन करणारा पांढऱ्या कपड्यांत असतो, सही करणारा कार्यालयात असतो. दोघेही नदीवर कधी जात नाहीत. त्यामुळे त्यांचे नाव पंचनाम्यात यायला जागाच नसते.

या धंद्याला जागा कशी मिळाली, हेही पाहायला हवे. २०१२ मध्ये दीपक कुमार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने लहान रेतीघाटांनाही पर्यावरणाची मंजुरी आवश्यक केली. निर्णय नदीच्या भल्याचाच होता, कारण पात्र खरवडले की काठच्या विहिरींचे पाणी खाली जाते. पण मंजुऱ्या आणि लिलाव रेंगाळतात आणि बांधकाम तर कोणाचे थांबत नाही. सरकारी रेती वेळेवर मिळत नाही तिथे चोरीची मिळते. २०२३ मध्ये राज्य सरकारने डेपो काढून ६०० रुपये ब्रासने रेती देण्याचे धोरण आणले. २०२५ मध्ये ते बदलून पुन्हा लिलावाकडे वळले. धोरण कोणतेही असो, रेती गरिबाच्या अंगणात वेळेवर पोचली तर टोळीचे अर्धे बळ जाते, आणि उशीर झाला की तिलाच गिऱ्हाईक मिळते. सरकारच्या उपायांची सुरुवात पोलीस ठाण्यापासून नव्हे, इथून व्हायला हवी.

आता थोडे मागे जाऊ. १९९३ सालात. त्या काळाच्या जखमा आपल्या समाजाला वेगळ्या सांगायला नकोत. डिसेंबर-जानेवारीतील दंगली, आणि मग १२ मार्चला मुंबईतले बाँबस्फोट. २५७ निरपराध माणसे त्या एका दिवशी गेली. स्फोटांसाठी शस्त्रे आणि आरडीएक्स रायगडच्या किनाऱ्यावर, दिघी आणि शेखाडी येथे उतरले होते. ते कोणाच्याच नजरेस पडले नाही असे नव्हे. पैसे घेऊन माल पुढे जाऊ देणारे पोलीस आणि कस्टमचे अधिकारी खटल्यात दोषी ठरले. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा अंतिम निकाल आला. माल सोडणाऱ्यांच्या त्या यादीत हिंदू होते, मुस्लिमही होते. लाचेला धर्म नसतो. तस्करांच्या गाड्या सोडायची सवय वर्षानुवर्षांची होती. एके दिवशी त्याच वाटेने मृत्यू शहरात आला. पैसे घेऊन गाडी सोडणाऱ्याला तिच्यात काय आहे हे ठाऊक नसते, आणि पुढे ते ठाऊक करून घ्यायची इच्छाही उरत नाही.

या स्फोटांनंतर ९ जुलै १९९३ रोजी केंद्र सरकारने गृहसचिव एन. एन. व्होरा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. गुन्हेगारी टोळ्यांना सरकारी नोकर आणि राजकारणी यांचा आश्रय कसा मिळतो, याची माहिती गोळा करणे हे तिचे काम. गुप्तचर विभाग, सीबीआय, महसूल गुप्तवार्ता या साऱ्यांचे म्हणणे ऐकून व्होरांनी ५ ऑक्टोबर १९९३ रोजी अहवाल दिला. सुरुवात लहान असते, असे त्यात सांगितले आहे. गावठी दारू, जुगार, मटका यांतून पैसा येतो. तो जमिनींच्या व्यवहारात जातो, त्या पैशांतून ओळखी होतात, आणि मग निवडणुकीत हीच दांडगाई पुढाऱ्यांच्या कामी येते. काही भागांत या टोळ्या जवळजवळ समांतर सरकार चालवतात, असा इशाराही त्यात होता.

हा अहवाल जवळपास दोन वर्षे कपाटात राहिला. जुलै १९९५ मध्ये दिल्लीत एका राजकीय कार्यकर्त्याने पत्नीचा खून करून मृतदेह तंदूरमध्ये जाळला, देश हादरला, आणि गुन्हेगार-राजकारणी संबंधांवर ओरड झाली. तेव्हा कुठे ऑगस्ट १९९५ मध्ये अहवाल संसदेपुढे आला. लोकांनी उत्सुकतेने पाने उलटली. काही तस्करांची नावे त्यात होती. त्यांना आश्रय देणाऱ्यांची नव्हती. खालांच्या हातातल्या कागदासारखेच झाले होते.

नावे आणि त्यामागची कागदपत्रे जाहीर करावीत, ही मागणी दिनेश त्रिवेदी यांनी सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेली. १९९७ मध्ये न्यायालयाने ती नाकारली. ज्या माहितीची नीट शहानिशा झालेली नाही ती उघड केली, तर निरपराध माणसाची बदनामी होईल आणि तपास यंत्रणांना माहिती देणारेही गप्प होतील, असा त्यातला विचार होता. हा विचार आम्ही हलका मानत नाही. ऐकीव गोष्टीची खात्री करून घ्या, नाहीतर नकळत कोणावर अन्याय कराल, ही शिकवण आपल्याला कुरआननेच दिली आहे. केवळ संशयावरून तुरुंगात वर्षे काढलेल्या आणि पुढे निर्दोष सुटलेल्या तरुणांची घरे आपल्या समाजात कमी नाहीत. पण न्यायालय तेवढ्यावर थांबले नव्हते. या साटेलोट्याचा तपास आणि खटले यांवर देखरेख करण्यासाठी उच्चस्तरीय समिती नेमावी, अशी शिफारसही त्याने केली होती. नाव चावडीवर येऊ नये, तपासात यावे, असा त्याचा अर्थ. पहिला भाग लगेच पाळला गेला. दुसऱ्याचे फारसे काही झाले नाही.

मग महाराष्ट्राने कायदा केला. मुंबईत खंडणी आणि गोळीबार रोजचे झाले होते. १९९९ मध्ये महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायदा आला, ज्याला आपण 'मोक्का' म्हणतो. कायदा कडक आहे. टोळीच्या गुन्ह्याला किमान पाच वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा, कोणाचा जीव गेला असेल तर फाशीही, शिवाय मालमत्ता जप्त करण्याची तरतूद. टोळीला मदत करणाऱ्या सरकारी नोकरासाठीही त्यात कलम आहे, कलम २४. हे कायदा करणाऱ्यांच्या बाजूने सांगायला हवे. पण शिक्षा पाहा. टोळीतल्या माणसाला कमीत कमी पाच वर्षे. त्याला मदत करणाऱ्या किंवा जाणूनबुजून कारवाई टाळणाऱ्या सरकारी नोकराला जास्तीत जास्त तीन.

२०१५ मध्ये रेती तस्करांचाही समावेश एमपीडीए कायद्यात झाला. खटला न चालवता वर्षभर स्थानबद्ध करता येते, असा हा कायदा. महसूल कायद्यात बाजारभावाच्या पाचपट दंडाची तरतूद आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम १११ ने संघटित गुन्हेगारी हा देशभरासाठी वेगळा गुन्हा झाला. खाली असलेल्याला पकडायला कायदे कमी नाहीत.

वर जाताना मात्र दार लागते. दारावर पाटी असते, 'परवानगी'. १९९१ मध्ये काश्मीरमधील अतिरेक्यांना पैसा पुरवणारे हवालाचे जाळे शोधताना सीबीआयच्या हाती काही डायऱ्या लागल्या. त्याच हवाल्याच्या वाटेने मोठमोठ्या राजकारण्यांना आणि अधिकाऱ्यांना पैसे गेल्याच्या नोंदी त्यांत असल्याचा आरोप झाला. डायरी एवढाच पुरावा पुरेसा नसल्याने खटले टिकले नाहीत. पण त्या निमित्ताने डिसेंबर १९९७ मध्ये विनीत नारायण प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मोठा निर्णय दिला. सहसचिव आणि त्यावरच्या अधिकाऱ्याची चौकशी करायला आधी सरकारची परवानगी हवी, हा आदेश रद्द झाला. २००३ मध्ये तीच अट कायदा करून परत आणली गेली. २०१४ मध्ये न्यायालयाने तीही रद्द केली. २०१८ मध्ये भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात कलम १७अ आले आणि अधिकाऱ्याने केलेली शिफारस किंवा घेतलेला निर्णय यांच्या चौकशीला पुन्हा पूर्वपरवानगी लागू झाली. प्रामाणिक अधिकाऱ्याला छळापासून वाचवण्यासाठी ही अट आहे, असे सरकार सांगते. त्यात तथ्य नाही असे नव्हे. पण ट्रॅक्टर चालवणाऱ्या एकोणीस वर्षांच्या मुलाला पकडण्यापूर्वी कोणी कोणाची परवानगी मागितल्याचे आम्ही ऐकलेले नाही.

दार उघडत नाही तेव्हा दारापाशी उभे राहणाऱ्यांचे काय होते, हेही आपल्या राज्याने पाहिले आहे. १३ जानेवारी २०१० रोजी तळेगाव दाभाडे येथे माहिती अधिकार कार्यकर्ते सतीश शेट्टी यांचा खून झाला. त्यांनी जमिनींचे घोटाळे बाहेर काढले होते. २५ जानेवारी २०११ रोजी, प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या दिवशी, मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना मनमाडजवळ पानेवाडी येथे तेल भेसळ करणाऱ्यांनी जिवंत जाळले. एवढा मोठा अधिकारी, दिवसाढवळ्या. त्यानंतर राज्यभर धाडी पडल्या, अटका झाल्या. पण हे भेसळीचे अड्डे काही आदल्या रात्रीत उभे राहिले नव्हते. गैरव्यवहार उघड करणाऱ्यांना संरक्षण देणारा केंद्राचा कायदा २०१४ मध्ये संसदेने मंजूर केला. तो आजही अमलात आलेला नाही.

आणि ९ डिसेंबर २०२४. बीड जिल्ह्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचे अपहरण करून त्यांना हालहाल करून मारले गेले. पवनऊर्जा कंपनीकडे मागितलेल्या खंडणीच्या आड ते आले, असे तपास यंत्रणेचे म्हणणे आहे. आरोपींमध्ये तत्कालीन मंत्री धनंजय मुंडे यांचा निकटवर्ती मानला गेलेला माणूस आहे. मंत्र्यांवर खुनाचा आरोप नाही, पण ४ मार्च २०२५ रोजी त्यांना पद सोडावे लागले. प्रकरण न्यायालयात आहे आणि दोषी कोण हे न्यायालयच ठरवील. आम्हाला सांगायचे आहे ते वेगळे. विशेष तपास पथक, सीआयडी, न्यायालयीन चौकशी, मोक्का, हे सारे इथे झाले. ते आपोआप झाले नाही. गावचे लोक रस्त्यावर बसले, जिल्ह्याजिल्ह्यांत मोर्चे निघाले, एका लेकीने बापाचा फोटो हातात धरून न्याय मागितला, तेव्हा झाले. म्हणजे लोकांनी लावून धरले तर कागदावर वरची नावेही येतात.

दुसऱ्या देशांनी काय केले? दोन उदाहरणे पाहू. इटलीत माफियाचा उच्छाद शंभर वर्षांहून जुना. तिथले खासदार पिओ ला तोर्रे यांनी माफियाचा पैसाच जप्त करा असे सांगणारा कायदा मांडला. एप्रिल १९८२ मध्ये त्यांचा खून झाला. सप्टेंबरमध्ये जनरल दाल्ला किएसा मारले गेले, आणि त्यानंतर दहा दिवसांत तो कायदा संमत झाला. केवळ माफिया टोळीत असणे हाच गुन्हा ठरला आणि मालमत्ता जप्त होऊ लागली. १९९१ मध्ये पुढचे पाऊल पडले. एखाद्या नगरपालिकेत माफियाचा शिरकाव झाल्याचे दिसले, तर ती पालिकाच बरखास्त करता येते. आजवर तीनशेहून अधिक वेळा हे झाले आहे. २०१२ मध्ये रेज्जो कालाब्रिया या मोठ्या शहराची पालिकाही अशी बरखास्त झाली. १९९६ मध्ये दहा लाखांहून अधिक नागरिकांच्या सह्यांनंतर आणखी एक कायदा आला. माफियाकडून जप्त केलेली जमीन आणि घरे समाजाच्या कामी द्यायची. कालपर्यंत माफियाच्या असलेल्या शेतात आज सहकारी संस्था गहू पिकवतात. तिथेही माफिया संपलेला नाही. पण कायद्याचा हात खिशापर्यंत आणि सहीपर्यंत पोचतो, हे लोकांनी डोळ्यांनी पाहिले.

दुसरा देश हैती. राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्सचा बहुतेक भाग टोळ्यांच्या हाती. २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने तिथे निर्बंधांची व्यवस्था आणली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कॅनडाने टोळ्यांना मदत केल्याचा ठपका ठेवून एका माजी राष्ट्राध्यक्षावर आणि दोन माजी पंतप्रधानांवर निर्बंध लावले. बंदूकवाल्यांच्या मागे सूटवाले आहेत, हे निदान उघड बोलले गेले. पण बाहेरच्या देशाने खाती गोठवली म्हणून घरातली टोळी मोडत नाही. त्यासाठी आपलेच न्यायालय आणि आपलेच पोलीस लागतात. ते मोडकळीला आले की काय होते, हे आज हैतीतले लोक भोगत आहेत.

हे सर्व वाचताना आम्हाला वारंवार मखजूम घराण्यातल्या त्या स्त्रीची घटना आठवत होती. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत ती आहे. मोठ्या घरच्या स्त्रीने चोरी केली. घराण्याची अब्रू वाचावी म्हणून लोकांनी प्रेषितांच्या (स.) लाडक्या उसामा (रजि.) यांना शिफारस करायला पाठवले. प्रेषितांना (स.) ती शिफारस मुळीच आवडली नाही. त्यांनी लोकांसमोर उभे राहून समजावले की, आधीच्या समाजांचा नाश झाला तो याच रीतीमुळे. मोठ्याने चोरी केली की ते सोडून देत आणि दुबळ्याने केली की शिक्षा देत. आणि हा नियम स्वतःची लेक फातिमा हिलाही लागू असल्याचे त्यांनी सांगितले. चोर सगळ्याच समाजांत असतात. शिक्षा माणूस पाहून ठरू लागली की समाज बुडतो, हे त्या दिवशी लोकांना सांगितले गेले.

'शिफारस' हा शब्द आपल्या घराघरांत आहे. पोराला सोडवायला शिफारस, बदलीला शिफारस, नंबर आधी लागायला शिफारस. आपण ज्याला ओळख म्हणतो, तीच ओळख रात्री तीनच्या ट्रॅक्टरलाही सोडवते. निवडणुकीच्या आदल्या दिवशी घरी आलेले पाकीट असो, मोहल्ल्याच्या कार्यक्रमाला मिळालेली मोठी देणगी असो, देणाऱ्याचा धंदा काय हे आपण विचारत नाही. तो आपल्या जातीचा, आपल्या बिरादरीचा असला तर मुळीच नाही. मग त्याचे नाव कागदावर येत नाही, याबद्दल फक्त सरकारला दोष कसा द्यावा?

म्हणून भाचीला आम्ही म्हटले, "बेटा, ज्या मालाची पावती नाही तो कोणाचा तरी चोरलेला आहे. तो सगळ्या गावाचा आहे, तुझ्या विहिरीच्या पाण्याचा आहे. आणि स्वस्त का आहे, ते या खालांच्या कागदावर लिहिलेलं आहे. त्यांच्या पोराच्या अंगावर गुन्हा घालून तो स्वस्त झालाय."

ती गप्प झाली. मग म्हणाली, "बोलणं सोपं आहे मामू. पाऊस तुमच्या घरात नाही येणार."

तिचे म्हणणे खरे होते, आणि आम्हाला ते लागले. नुसता उपदेश करून निघून जाणे बरे दिसले नसते. त्या संध्याकाळी गल्लीतल्या ज्यांची घरकुले अडली होती त्या बायांना तिने बोलावले. सात कुटुंबे निघाली. चार हिंदू, तीन मुस्लिम. आम्ही अर्ज लिहून दिला. कोणाला किती ब्रास मंजूर, कोणत्या तारखेला, आजवर किती मिळाली, बाकी कधी मिळेल ते लेखी कळवावे. सातही जणींनी सह्या केल्या, दोघींनी अंगठे. पोच घेतली. पंधरा दिवसांत उत्तर नाही म्हणून दहा रुपयांचे तिकीट लावून माहितीच्या अधिकारात तोच प्रश्न विचारला. हा लेख लिहीपर्यंत भाचीच्या अंगणात तीन ब्रास पडली आहे, पावतीसह. दोन यायची आहे. जोते अजून पुरते भरलेले नाही, आणि पाऊस कधीही येईल. सबुरीची किंमत तीच भरते आहे, आम्ही नाही, हे आम्ही विसरलेलो नाही.

खालांच्या मुलासाठी वकील पाहिला. विधी सेवा प्राधिकरणाकडून गरिबाला मोफत वकील मिळतो, हे त्यांना ठाऊक नव्हते. वकिलांनी मुलाला एकच सांगितले, जे खरे असेल ते सांग, कोणाचे नाव ठोकून देऊ नकोस आणि कोणाचे लपवूही नकोस. तो घाबरलेला आहे. ज्याने त्याला पाठवले त्याच्या घरावरूनच त्याला रोज जावे लागते. त्याने धीर करावा असे सांगणे सोपे आहे. तो एकटा पडणार नाही एवढे पाहणे मोहल्ल्याच्या हातात आहे. त्याच्या घरी जाऊन बसणे, तारखेला सोबत जाणे, त्याला दुसरे काम मिळवून देणे, ही कामे कोणताही कायदा करणार नाही.

आणखी थोडे आपल्या हातात आहे. बांधकामाला रेती घ्याल, तर वाहतूक परवाना पाहा आणि पावती जपून ठेवा. घर असो वा मशीद, मदरसा असो वा शादीखाना. अल्लाहच्या घराच्या पायात चोरीची रेती नको. ग्रामसभेत रेतीघाटाचा विषय निघतो तेव्हा बायांनीही जावे आणि ठराव वहीत लिहिला गेला की नाही ते पाहावे. लाच मागितली गेली तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक फुकट लागतो. मतदानाआधी उमेदवाराचे शपथपत्र वाचावे. त्याच्यावरचे गुन्हे आणि त्याची मालमत्ता त्यात लिहिलेली असते. हा हक्क २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मतदाराला दिला आहे. पाच वर्षांत कोणाची मालमत्ता कशी वाढली, हे दोन शपथपत्रे शेजारी ठेवली की शाळकरी मुलालाही कळते. ते काम घरातल्या दहावीच्या मुलीला द्या. तिला गणिताचा सरावही होईल.

निघताना खालांनी तो कागद पुन्हा घडी करून ट्रंकेत ठेवला. म्हणाल्या, "राहू द्या. एक दिवस यावर दुसरं नावही येईल." ते येईल की नाही, हे तपासावर, न्यायालयावर आणि आपण सगळे किती दिवस विचारत राहतो यावर आहे. निदान आपल्या घरातून त्या नावाला आसरा मिळू नये, एवढी तौफिक अल्लाह आपणा सर्वांना देवो. आमीन.